ताकिले बेट: बघायचं काय, आणि होडी कुणाची



मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एक विषय निघाला आणि भांडणापर्यंत गेला. धरणाच्या पाण्याकाठी हल्ली शनिवार-रविवार गाड्या लागतात, ते तुम्हीही बघता. तर शहरातला एक टूरवाला आला आणि म्हणाला, "दर रविवारी चाळीस माणसं आणतो. पिठलं-भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत करा. ताटाला शंभर रुपये देतो." निम्म्या जणी हरखल्या. पण एका ताईच्या भाच्यानं त्याच माणसाची जाहिरात मोबाइलवर काढून दाखवली. चुलीवरचं गावरान जेवण आणि होडीची फेरी, माणशी बाराशे रुपये! मग काय विचारता. कुणी म्हणे, घरबसल्या चार हजार येतायत ते का सोडायचे. कुणी म्हणे, लाकडं आपली, धूर आपल्या डोळ्यांत, आणि बाराशेतले अकराशे त्याच्या खिशात. ठराव काही झाला नाही. चहा पिऊन सगळ्या घरी गेल्या.

त्यानंतर आम्ही शोधायला बसलो, की असा प्रश्न दुसऱ्या कुणापुढे आला होता का आणि त्यांनी काय केलं. शोधता शोधता एक बेट सापडलं. आम्ही तिथं गेलेलो नाही, आणि जाऊ असं काही दिसत नाही. पण त्या बेटावर अभ्यासकांनी वर्षानुवर्षं जाऊन-राहून लिहून ठेवलंय. ते वाचून, फोटो आणि व्हिडिओ बघून आज तुम्हाला तिथं नेऊन आणतो.

बेटाचं नाव ताकिले. देश पेरू. फळातला पेरू नव्हे, दक्षिण अमेरिकेतला देश. तिथं अँडीज नावाच्या डोंगररांगेत टिटिकाका नावाचं अफाट मोठं सरोवर आहे, सुमारे ८३०० चौरस किलोमीटर. आपला अख्खा कोल्हापूर जिल्हा त्यात बुडेल. अर्धं सरोवर पेरूत, अर्धं शेजारच्या बोलिव्हियात. आणि ते आहे किती उंचावर? समुद्रापासून ३८१० मीटर. आपलं महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी सरोवराचं पाणी त्याच्याही वर.

या सरोवरात ताकिले बेट आहे. साडेपाच किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद, आणि वस्ती साधारण २२०० माणसांची. लोक केचुआ भाषा बोलतात. जवळचं शहर पुनो, पाण्यावरून ४५ किलोमीटर. सावकाश होडीला तीन तास लागतात.

वाटेत होड्या बहुतेक वेळा उरोस लोकांच्या तरंगत्या बेटांवर थांबतात. तेही बघण्यासारखं. सरोवरात तोतोरा नावाचं पाणगवत वाढतं, आपल्याकडच्या लव्हाळ्यासारखं, पण उंच. ते कापून थरावर थर रचायचे आणि त्यावर झोपडी बांधून राहायचं. खालचे थर कुजतात, म्हणून वरून सतत नवे घालावे लागतात. आपल्याकडे जमीन शेणानं सारवत राहतो, तसं त्यांना जमीनच घालत राहावी लागते.

ताकिलेच्या धक्क्यावर उतरलात की पुढं दगडी पायऱ्या, पाचशेच्या वर. आकड्याला घाबरू नका, आपण जेजुरी चढतो, वणी चढतो. पण इथं अडचण पायांची नाही, श्वासाची आहे. इतक्या उंचावर हवा विरळ असते. दहा पायऱ्या चढल्या की धाप लागते, डोकं ठणकतं. तिथले लोक मुन्या नावाच्या वनस्पतीचा काढा देतात, पुदिन्यासारख्या वासाचा. पाहुण्यानं पहिल्या दिवशी हळू चालावं, पोटभर पाणी प्यावं. बेटाचे लोक मात्र पाठीवर गोणी बांधून त्याच पायऱ्या चढतात. गाडी नाही, रस्ता नाही, गाडीरस्त्यासारखी वाटसुद्धा नाही. आणि बेटावर कुत्री नाहीत असं झाडून सगळे लिहितात. रात्री किती शांत असेल!

वर पोचल्यावर दगडी कमानी, डोंगरउतारावर बांध घालून केलेली शेतं, आणि चारी बाजूंना निळंशार पाणी. पलीकडे बोलिव्हियाची बर्फाची शिखरं. बघायला म्हणून एवढंच. मोठं देऊळ नाही, राजवाडा नाही, किल्ला नाही. मग जगभरातून माणसं येतात कशाला?

ती येतात तिथल्या माणसांच्या अंगावरचे कपडे बघायला. हसू नका, खरं आहे.

ताकिलेवर पुरुष टोप्या विणतात. लहान पोरगा सात-आठ वर्षांचा झाला की बाप-आजोबा त्याच्या हातात बारीक सुया देतात. मग तो आयुष्यभर विणतो. चालताना विणतो, सभेत बसून विणतो, मेंढ्यांमागे विणतो. टोपीला म्हणतात चुयो. कान झाकणारी, टोकदार, आणि नक्षी इतकी बारीक की यंत्रावर केली असं वाटावं. टोपी बघून माणूस ओळखता येतो. वरचा अर्धा भाग पांढरा असला तर अविवाहित, सगळी लाल नक्षीची असली तर लग्न झालेलं. आपल्याकडे बायकांच्या गळ्याकडं, पायांकडं बघून लग्न झालंय का ते ओळखतात. तिथं पुरुषाच्या डोक्याकडं बघून. आमच्या एक आजी हे ऐकून म्हणाल्या, "हे बरंय, आता इकडं पण काढा कायदा."

मुलीचा बाप होणाऱ्या जावयाची टोपी उलटी करून त्यात पाणी ओततो आणि गळतं का बघतो, असंही सांगतात. खरं-खोटं तेच जाणोत. पण टोपीची वीण किती घट्ट असावी लागते ते त्यावरून कळतं.

बायका काय करतात? सूत कातणं आणि मागावरचं विणकाम. चालता चालता हातात टकळी फिरत असते. आपल्याकडे जुने धनगर बाबा मेंढरं चारताना लोकर कातायचे, तसंच. माग म्हणजे जमिनीत चार खुंट्या ठोकून ताणलेले धागे, आणि त्यापुढं बाई जमिनीवर बसलेली. त्यावर ती कमरेचा रुंद पट्टा विणते. या पट्ट्याला दिनदर्शिका म्हणतात, आणि ती खरोखरच दिनदर्शिका आहे. कुठल्या महिन्यात पेरणी, कधी काढणी, कधी सण, ते चित्रांनी विणलेलं असतं. त्यात एक वर्तुळ असतं, सहा भाग केलेलं. बेटाच्या जमिनीचे सहा भाग आहेत. सगळं गाव मिळून ठरवतं की यंदा कुठल्या भागात बटाटा, कुठं सातू किंवा घेवड्यासारख्या शेंगा, आणि कुठली जमीन पडीक ठेवायची. पुढच्या वर्षी पाळी फिरते. जमिनीला विश्रांती मिळते. हे सगळं त्या वर्तुळात. म्हणजे शेतीचं नियोजन नवऱ्याच्या कमरेला बांधलेलं, आणि ते लिहिणारी बाई. पट्ट्याच्या आतल्या थरात बायको आपले केस घालून विणते, असंही सांगतात.

२००५ मध्ये युनेस्कोनं ताकिलेच्या या विणकामाला जगाचा वारसा म्हणून मान दिला, आणि २००८ मध्ये ते अधिकृत यादीत आलं. लेणी, किल्ले यांना मान मिळतो ते आपल्याला माहीत आहे. इथं रोजच्या हातकामाला मिळाला.

पाहुण्यांना आणखी एक गोष्ट दाखवतात. एका झाडाचा पाला दगडावर कुटून पाण्यात घालतात, त्याचा फेस होतो आणि त्यात मळकी लोकर पांढरीशुभ्र निघते. आपल्याकडे रिठा आहे, शिकेकाई आहे. पण आपण कधी पाहुण्यांना दाखवली का? आपल्याला वाटतं, यात काय बघायचं.

जेवायला किनोआचं सूप आणि सरोवरातला ट्राउट मासा. किनोआ म्हणजे आपल्या राजगिऱ्यासारखं बारीक धान्य. बटाटा तर असतोच. बटाटा मूळचा त्याच डोंगरांतला. तिथून तो युरोपात गेला आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला, 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. आपण उपासाला जो खातो तो या लोकांच्या पूर्वजांनी हजारो वर्षं जपलेला. त्या पठारावर बटाट्याचं वाळवणही करतात, त्याचं नाव चुन्यो. जून-जुलैत तिथं कडक थंडी असते, कारण विषुववृत्ताच्या खाली ऋतू उलटे. रात्री बटाटे उघड्यावर पसरतात, ते गोठतात. दिवसा उन्हात मऊ पडतात. मग पायांनी तुडवून पाणी काढायचं, परत रात्री गोठवायचे, परत वाळवायचे. काही दिवसांनी खड्यासारखे टणक होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. आपण एप्रिल-मे मध्ये गच्चीवर कुरडया, सांडगे घालतो, त्याची ही थंडीतली बहीण.

जायचंच तर जुलैच्या शेवटी जावं. २५ जुलैला संत सांतियागोचा मोठा सण असतो, तिथून पुढं आठवडा-दोन आठवडे नाच, बासऱ्या, ढोल. आकाश निरभ्र, पण रात्री दोन-तीन घोंगड्या लागणारच. डिसेंबर ते मार्च पाऊस.

इथपर्यंत सहल झाली. आता जमाखर्चाकडं येऊ, कारण ज्यासाठी आम्ही हे वाचायला घेतलं ते इथं आहे.

ताकिलेची जमीन एके काळी बाहेरच्या जमीनदारांची होती. बेटावरचे लोक आपल्याच बेटावर कुळं. १९३० च्या दशकापासून त्यांनी पैसे जमवून ती तुकड्यातुकड्यानं विकत घेतली. एकट्या-दुकट्यानं नाही, मिळून. ही सवय पुढं कामाला आली. १९७६ मध्ये प्रवाशांच्या एका प्रसिद्ध मार्गदर्शक पुस्तकात या बेटाबद्दल चार ओळी छापून आल्या, आणि परदेशी पाहुणे यायला लागले.

हॉटेल बांधायला बाहेरच्या कुणाला जागा द्यायची नाही, हे बेटानं ठरवलं. पाहुणा घरातच उतरेल. ज्या कुटुंबाला पाहुणा हवा त्यानं खोली दाखवायची. समिती येऊन बघणार: खाट आहे का, पांघरुणं आहेत का, स्वच्छता आहे का. पास झालं तर नाव यादीत. धक्क्यावरून वर आलेल्या पाहुण्याची नोंद व्हायची आणि यादीत ज्याची पाळी त्याच्या घरी तो जायचा. दर ठरलेला, सगळ्यांना सारखा. पाटलाच्या घरी दहा आणि विधवेच्या घरी शून्य, असं नाही.

विणकामाचंही तसंच. चौकात सहकारी दुकान. प्रत्येक वस्तूवर करणाऱ्याचं नाव आणि ठरलेली किंमत. घासाघीस नाही. विकलं की पैसे करणाऱ्याला, थोडा हिस्सा दुकानाच्या खर्चाला. दुकानात बसायची सगळ्यांना पाळी. आपल्या गटांना यात नवीन काही नाही. अंतर्गत कर्जाच्या पाळ्या आपण अशाच लावतो. पण घासाघीस नाही, हे मात्र नीट ऐका. जत्रेत आपल्याच दोन गटांच्या ताया शेजारी-शेजारी पापड लावतात आणि गिऱ्हाईक समोर आलं की एकमेकींपेक्षा पाच-पाच रुपये खाली येतात. हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. त्यात आम्हीही होतो, खोटं कशाला बोलू.

आणि सगळ्यात मोठं काम केलं होडीचं. सुरुवातीला पाहुणे पुनोच्या होडीवाल्यांकडून यायचे, भाडं त्यांनाच. बेटावरच्यांकडं शिडाच्या होड्या, वारा पडला की अडकल्या. मग तीस-चाळीस कुटुंबांनी मिळून एक गट केला, ट्रकचं जुनं इंजिन आणलं आणि लाकडी होडीला बसवलं. एकाचं बघून दुसऱ्यानं. काही वर्षांत असे डझनभर गट झाले. भाडंही त्यांनी बाहेरच्यांपेक्षा परवडेल असं ठेवलं. शेवटी ताकिलेला पाहुणे नेण्याचा हक्क सरकारनं त्यांच्याच होड्यांना दिला. म्हणजे प्रवास, मुक्काम, जेवण आणि खरेदी, चारही ठिकाणचा पैसा बेटावर.

इथं गोष्ट संपली असती तर आम्ही बैठकीत टाळ्या वाजवून मोकळ्या झालो असतो. पण १९९० च्या दशकात पेरूच्या सरकारनं धोरण बदललं. बाजार सगळ्यांना खुला, कुणाचाही एकट्याचा हक्क नको, असा कायदा आला. पुनोच्या एजन्सींनी वेगवान, आरामशीर बोटी आणल्या. पाहुण्याला शहरातच तिकीट मिळतं: बोट, गाइड, जेवण सगळं एकत्र. तो सकाळी येतो, दोन-तीन तास फिरतो, एजन्सीनं ठरवलेल्या घरात जेवतो आणि संध्याकाळी परत. मुक्काम नाही. पाहुणे वाढले, पण बेटावर राहणारा पैसा त्या मानानं वाढला नाही. काही कुटुंबांनी एजन्सीशी परस्पर सौदा केला. त्यांच्याकडं रोज ताटं, बाकीच्यांकडं काही नाही. पाळीची यादी तशीच राहिली. पुढं बेटावरच्या लोकांनी स्वतःची एजन्सी काढून परत उभं राहायचा प्रयत्न केला. पण मोठ्या बोटवाल्यांपुढं ते सोपं नाही.

आमच्या बैठकीतली एक जण म्हणाली, "म्हणजे ते हरले." आम्हाला तसं वाटत नाही. वीस वर्षं त्यांनी स्वतःच्या अटीवर पाहुणे आणले. त्या काळात पत्र्याची छपरं आली, पोरं शाळेत गेली, आणि विणकाम मेलं नाही. आजही जमीन त्यांचीच आहे, दुकान त्यांचंच आहे. पण होडी हातची गेली तिथून हिशेब बिघडला, हे मात्र खरं.

एक गोष्ट आम्हाला खटकली. या सगळ्यात बाई कुठं होती? रविवारी चौकात गावसभा भरते, तिथं बोलणारे पुरुष. पाहुण्यांशी बोलायला स्पॅनिश लागतं, ते पुरुषांना जास्त येतं, कारण ते शहरात जातात-येतात. दुकान, होडी, समिती इथं पुढं पुरुष. आणि पाहुणा घरात आला की स्वयंपाक, पाणी, अंथरूण-पांघरूण बाईच्या अंगावर. ते करून मागावर बसायचं. एका चांगल्या पट्ट्याला कित्येक आठवडे लागतात. दोन तासांसाठी आलेल्या पाहुण्याला तो महाग वाटतो, त्याला स्वस्तातली मनगटपट्टी हवी असते. मग बायका तेच करतात, बाजारची तयार लोकर आणून, पटकन. मागणी वाढल्यानं माल, पद्धत आणि नक्षीचा अर्थ बदलत चाललाय, हे युनेस्कोनंही नोंदवलंय. वर्तुळाचे सहा भाग का, हे विणणारीला सांगता आलं नाही तर ती नुसती नक्षी उरेल.

आम्ही दहा जणींनी मिळून हे सगळं एका तक्त्यावर लिहून काढलं. ताकिले एका बाजूला, आपलं धरण दुसऱ्या बाजूला. मुक्काम: त्यांच्याकडं घरं, आपल्याकडं चार तायांची नवीन घरकुलं. जेवण आहे. विकायला गोधडी आहे, हातसडीचा तांदूळ आहे, करवंदाचं लोणचं आहे. होडीच्या रकान्यात आपल्याकडं काही नव्हतं. पाण्यावर दोन होड्या आहेत, दोन्ही टूरवाल्याच्या ओळखीच्या माणसाच्या. आणि गावात होडी चालवणारी भोयांची चार पोरं कामाला शहरात गेलेली.

तर पुढची बैठक पंधरा तारखेला, शाळेच्या पडवीत, दुपारी दोन वाजता. टूरवाल्याला बोलावलंय. तो येईल तेव्हा ताटाचा भाव पहिला काढायचा नाही, होडीचं आधी विचारायचं, असं आमचं म्हणणं आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर यावं आणि भांडावं. येताना प्रत्येकीनं एका ताटाचा हिशेब मांडून आणा: पीठ, तेल, लाकूड, वांगी, आणि चुलीपुढचे तास. तासांचा रकाना मोकळा ठेवू नका. मागच्या वेळी सगळ्यांनीच ठेवला होता.

नमस्कार.